हे पान बंद कुणी केलं?

तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये कुठल्या साइट उघडत नाहीत? थोडं आठवा. यूट्यूब? इन्स्टा? टेलिग्राम? बरं. आता पुढचा प्रश्न. त्या बंद ठेवायच्या, हे कुणी ठरवलं? नाव सांगा.

नाही सांगता येणार. मलाही येत नव्हतं. आणि मला हा प्रश्न पडला तो एका शेळीमुळं.

मी बेंबळीची. आमच्या जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण शेळीचं नाव अजून उस्मानाबादीच आहे. काळीभोर, काटक, जुळी करडं देणारी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्टसाठी मी विषय घेतला: शेळ्यांमधलं कृत्रिम रेतन. आमच्याकडं हा घरचाच विषय. जनावरांच्या दवाखान्याच्या भिंतीवर 'कृत्रिम रेतन' ही अक्षरं हातभर मोठी रंगवलेली असतात. शाळेला जाणारी लेकरं ती वाचत वाचत मोठी होतात, कुणी लाजत नाही. तर मी लॅबमध्ये बसले आणि इंग्रजीत टाइप केलं, 'फ्रोझन सिमेन गोट'. स्क्रीन लाल. 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. खाली बारीक अक्षरात कॅटेगरी: 'अ‍ॅडल्ट'.

शेजारच्या मशीनवरच्या पोरानं वाकून बघितलं. पुढचे दोन दिवस काय झालं ते मी लिहीत नाही. तुम्ही कॉलेजात आहात, तुम्हाला कळतं.

लॅब बघणाऱ्या सरांकडं गेले.

"सर, हे पान उघडून द्या ना, प्रोजेक्टचं आहे."

"ब्लॉक आहे ते."

"कुणी केलंय?"

"वरून आलंय."

"वरून म्हंजे? प्राचार्य सरांनी?"

"छ्या. सॉफ्टवेअरमध्येच असतंय ते."

"मग उघडायचं असंल तर कुणाला सांगायचं?"

सर विचारात पडले. खरंच पडले, टाळत नव्हते. त्यांना हा प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता.

मी तेव्हापासून जमेल त्याला विचारत सुटले. शाळेतल्या बाईंना, कंप्युटर बसवायला येणाऱ्या पोराला, दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणींना. जे कळलं ते थोडक्यात असं. शाळा-कॉलेज इंटरनेट घेतं तेव्हा सोबत फायरवॉल किंवा फिल्टर घेतं. तो बनवणाऱ्या कंपनीनं जगभरच्या साइट आधीच कप्प्यांत टाकून ठेवलेल्या असतात: जुगार, अ‍ॅडल्ट, गेम, सोशल मीडिया, ब्लॉग वगैरे. बसवायला आलेला माणूस विचारतो, "काय काय बंद करू?" समोरचे सर म्हणतात, "जे बंद करायचं असतंय ते करा." तो टिका करतो, पासवर्ड स्वतःच्या डायरीत लिहितो, चहा पितो, जातो. ठराव नाही, यादी नाही, तारीख नाही. पुढं तीन-चार वर्षं दोन-तीन हजार मुलांनी काय वाचायचं, ते त्या दुपारी ठरून गेलेलं असतं.

यात गंमत म्हणजे फिल्टरला पान वाचता येत नाही. आजकाल बहुतेक साइटींच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह असतं. याचा अर्थ मधल्या फायरवॉलला तुम्ही कुठल्या घरी गेलात एवढंच दिसतं, आत कुठल्या खोलीत बसलात ते दिसत नाही. त्यामुळं एक खोली बंद करायची तर त्याला अख्खं घर बंद करावं लागतं. यूट्यूबवर फालतू रील आहेत म्हणून यूट्यूब बंद, आणि त्यासोबत एनपीटीईएलची लेक्चर बंद, एमपीएससीचे क्लास बंद, रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलचे व्हिडिओ बंद. काही ठिकाणी मशीनवरच सॉफ्टवेअर टाकतात. ते शब्द बघतं. मी त्यात सापडले.

शब्द बघणारी सॉफ्टवेअर किती हुशार असतात, याचा जुना किस्सा आहे. १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या फिल्टरनं इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प गावच्या लोकांना खातंच उघडू दिलं नव्हतं, कारण गावाच्या स्पेलिंगच्या पोटात चार अक्षरांची एक शिवी दडलेली आहे. तुम्हाला हे लांबचं वाटत असेल तर तळहातावर 'शीतल' इंग्रजीत लिहा. पहिली चार अक्षरं बघा. आता 'शितोळे'. आता 'दीक्षित'. आपल्याकडं वर्गात दोन-तीन शीतल हमखास असतात. फिल्टरच्या लेखी त्या जन्मापासून असभ्य! 'आसाम'चंही तसंच, 'क्लास'चंही तसंच. स्तनांच्या कर्करोगाची माहिती अडकते ती याच कारणानं. आणि मराठीतली किंवा हिंदीतली खरीखुरी घाण? इंग्रजी शब्दांची यादी घेऊन बसलेल्याला ती वाचताच येत नाही. ती सुखरूप आत येते. म्हणजे 'कृत्रिम रेतन' चालतं, 'सिमेन' चालत नाही, आणि जे खरंच चालायला नको ते देवनागरीत असेल तर चालतं.

मराठीचा एक तोटा याहून मोठा आहे. कंपनीच्या यादीत प्रत्येक साइट असतेच असं नाही. ज्या साइट कुठल्याच कप्प्यात बसलेल्या नाहीत, त्यांचा एक वेगळा कप्पा असतो: 'अनरेटेड', म्हणजे न तपासलेल्या. सावध माणूस तिथंही टिक करतो. आता विचार करा, न तपासलेल्या साइट कुणाच्या असणार? न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राची नक्कीच नाही. एखाद्या तालुक्याच्या इतिहासाची, एखाद्या कवीच्या चाहत्यांनी चालवलेली, शेतीची, लोकगीतांची. आपल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी गुरुजींनी मोकळ्या वेळात ब्लॉग काढले, त्यावर कविता, स्वाध्याय, सराव चाचण्या टाकल्या. फिल्टरमध्ये 'व्यक्तिगत ब्लॉग' हा एक कप्पा असतो. टिक. सगळे गुरुजी बंद. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामासाठी २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. तो कोड शाळेच्या नेटवर स्कॅन केल्यावर पुढचा व्हिडिओ उघडतो का, हे किती जणांनी बघितलं?

इथं तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? खिशात मोबाइल आहे, हॉटस्पॉट लाव, बघ. नाहीतर व्हीपीएन टाक.

बरोबर. आणि माझी खरी तक्रार तिथंच आहे. ज्याच्या खिशात रोजचा दीड-दोन जीबी आहे त्याला हा फिल्टर लागूच होत नाही. तो लॅबमध्ये बसून मोबाइलवर काय वाट्टेल ते बघतो. फिल्टर लागू होतो फक्त तिला, जिच्या घरात एकच चांगला फोन आहे आणि तो भावाकडं असतो. जी गावाहून एसटीनं येते, जिची चारची गाडी चुकली तर घरी बोलणी बसतात, आणि जिच्यासाठी दोन तासांची लॅब हेच सगळं इंटरनेट. पाळी, गर्भाशय, स्तनातली गाठ, असं काही तिला वाचायचं असेल तर ते घरच्या फोनवर वाचता येत नाही, हिस्टरी राहते. कॉलेजात वाचावं तर लाल स्क्रीन येते. वाईट साइटींपासून ज्यांना वाचवायचं म्हणून हे सगळं उभं केलं, ते आरामात बाहेर आहेत. आत सापडलीय ती वेगळीच.

मी सगळं उघडं ठेवा म्हणत नाही. उलट बंदीचं एक चांगलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीत २०२२ मध्ये गावानं ठरवलं, संध्याकाळी ६ ला भोंगा वाजला की ८ पर्यंत टीव्ही-मोबाइल बंद, पोरांनी अभ्यास करायचा. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये १४ ऑगस्टला गावातल्या बायकांची सभा झाली आणि संध्याकाळी ७ ते ८.३० बंद ठेवायचं ठरलं. देवळावर भोंगा बसवला. आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

हे आवडो न आवडो (मला संध्याकाळची मालिका बुडाली तर आवडलं नसतं), पण या बंदीत काय काय आहे ते बघा. कुणी ठरवलं ते माहीत आहे. का ठरवलं ते माहीत आहे, कोरोनानंतर पोरांच्या हातातला फोन सुटत नव्हता. कधी सुरू, कधी संपणार, ते अख्ख्या गावाला ऐकू येतं. घरातल्या आईला मालिका बंद, बापाला मॅच बंद, म्हणजे नियम लावणाराही नियमात. आणि उद्या कुणाला पटलं नाही तर सरपंचाच्या दारात जाऊन भांडता येतं. भोंग्याला पत्ता आहे.

त्याच २०२२ च्या नोव्हेंबरात यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं आणखी पुढचा ठराव केला: १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलच बंद, नाहीतर २०० रुपये दंड. हा मला पटत नाही. ग्रामसभेत मत असतं १८ वर्षांवरच्यांना, म्हणजे ज्यांच्यावर बंदी त्यांचा हात वर होऊच शकत नव्हता. पण निदान मला हे म्हणता तरी येतंय, कारण ठराव समोर आहे. माझ्या लॅबमधल्या लाल स्क्रीनशी भांडायचं तर भांडू कुणाशी?

घाबरून लावलेल्या बंदीचं काय होतं, तेही आपण बघितलंय. २०१७ चा ऑगस्ट आठवतोय? तुम्ही तेव्हा शाळेत असाल. 'ब्लू व्हेल' नावाचा कुठलासा गेम पोरांना आत्महत्या करायला लावतो, अशी हवा होती. मुंबईतल्या एका मुलाच्या मृत्यूनंतर तर प्रत्येक शाळेच्या पालक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच. केंद्र सरकारनं गुगल-फेसबुकला त्याच्या लिंक काढायला सांगितलं. त्याच महिन्यात सीबीएसईनं शाळांना परिपत्रक पाठवलं की सगळ्या कंप्युटरवर फायरवॉल आणि फिल्टर बसवा. जानेवारी २०१८ मध्ये सरकारनंच लोकसभेत सांगितलं, चौकशीत एकाही मृत्यूचा संबंध ब्लू व्हेलशी सिद्ध झालेला नाही. तोवर हवा ओसरली होती. भीती गेली, फिल्टर राहिला. त्या वर्षी कुणी काय टिक केलं होतं ते परत उघडून बघायला कोण जातंय?

मोठ्या माणसांच्याही हातून असंच होतं. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई एटीएसच्या तपासातून आणि मुंबईच्याच एका न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशावरून देशभर ३२ साइट बंद झाल्या. दहशतवादी मजकूर थांबवायचा होता, हेतू चांगला. यादीत काय निघालं? गिटहब, व्हिमिओ, इंटरनेट अर्काइव्ह. गिटहब म्हणजे प्रोग्रामर लोकांची वहीच. देशातले निम्मे इंजिनिअर डोकं धरून बसले. आरडाओरडा झाला आणि काही दिवसांत त्यातल्या काही साइट उघडल्या. ओरडणारे होते म्हणून उघडल्या, हे लक्षात घ्या.

कायदा काय म्हणतो? केंद्र सरकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली साइट बंद करतं तेव्हा कारण लिहून ठेवावं लागतं. २०१५ च्या श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टानं कलम ६६-अ रद्द केलं, ज्याखाली आपल्या पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. पण ६९-अ टिकलं, आणि टिकण्याचं एक कारण हेच की त्यात लेखी कारण द्यावं लागतं, म्हणून त्याला कोर्टात आव्हान देता येतं. ती कारणं सरकार सहसा दाखवत नाही, तो भाग निराळा. तरीही, देशाला जे बंधन आहे ते कॉलेजच्या लॅबला नसावं?

आणि केरळातल्या फहीमा शिरीनचं नाव तुम्हाला माहीत असायलाच पाहिजे. बी.ए.ला होती, तुमच्याआमच्यासारखी. मुलींच्या हॉस्टेलमध्ये संध्याकाळी ६ ते १० मोबाइल जमा करायचा नियम झाला. तिनं ऐकलं नाही, हॉस्टेलमधून काढलं, ती हायकोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ हायकोर्टानं सांगितलं की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, तिला परत घ्या. निकाल केरळचा आहे, पण आपल्या प्राचार्यांच्या टेबलावर त्याची एक प्रिंट ठेवायला हरकत नाही.

अमेरिकेत तर शाळांना फिल्टर लावणं जवळजवळ सक्तीचंच आहे. २००० साली कायदा झाला, इंटरनेटसाठी सरकारी सवलत हवी तर फिल्टर लावा. पण त्यातच लिहिलंय की धोरण ठरवण्याआधी जाहीर सूचना देऊन निदान एक सभा घ्या. लायब्ररीतल्या फिल्टरवर खटला सुप्रीम कोर्टात गेला, २००३ मध्ये कोर्टानं फिल्टर राहू दिला, आणि त्यात एक आधार हा होता की सज्ञान माणूस ग्रंथपालाला सांगून साइट उघडून घेऊ शकतो. सज्ञान! आपण कोण आहोत? मतदान करतो, लायसन्स काढतो, लग्नाची स्थळं बघायला येतात. लॅबचा उंबरा ओलांडला की सहावीतले.

सरांची बाजू मला कळते. उद्या एखाद्या पोरानं लॅबमध्ये काही भलतं लावलं आणि कुणी व्हिडिओ काढला, तर नोकरीवर येणार ती लॅब असिस्टंटच्या. पालक येणार, पुढारी येणार. बंद ठेवलं म्हणून आजवर कुणाला नोटीस गेलेली नाही, उघडं ठेवलं म्हणून जाऊ शकते. मग तो माणूस काय करेल? आणि लाइन एक, मशीन चाळीस, हेही खरं. चाळीस जणांनी यूट्यूब लावलं तर परीक्षेचा फॉर्म कुणाचाच भरला जाणार नाही. पण मग तसं सांगा ना. 'दुपारी १२ ते २ फॉर्मसाठी यूट्यूब बंद' असं दारावर लिहा. आम्ही खेड्यातली पोरं, लोडशेडिंगचं वेळापत्रक पाठ करून वाढलोय. वेळापत्रकाचा राग कुणालाच येत नाही.

मागून काय मागायचं? माझ्या मते फार नाही. कुठले कप्पे बंद आहेत त्याचा एक कागद लॅबच्या दाराला लावा. पासवर्ड कॉलेजातल्या एका माणसाकडं ठेवा आणि त्याचं नाव त्या कागदावर लिहा. एखादं पान उघडून हवं असेल तर साधी वही ठेवा: साइट, कारण, तारीख, उघडली की नाही, नाही तर का नाही. 'अनरेटेड'वरची टिक काढा, मराठीसाठी एवढं कराच. वर्षातून एकदा ती वही घेऊन बसा.

आणि बसायला जागा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ मध्ये प्रत्येक कॉलेजला महाविद्यालय विकास समिती सांगितली आहे. तिच्यात विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला आणि सचिवाला खुर्ची आहे. (तुमच्या कॉलेजात विद्यार्थी परिषद कागदावर आहे की खरी, हा दुसऱ्या लेखाचा विषय.) धाकट्या भावंडांच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आईला किंवा बाबांना एवढंच विचारायला सांगा, "शाळेत काय बंद आहे आणि ते कुणी ठरवलं?" तिथंही उत्तर नाही मिळालं आणि कॉलेज अनुदानित असेल, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यांनी तर करूनच बघावा, कलमं पाठ होतील.

मी सरळ अर्जापासून सुरुवात केली. विषय लिहिला: 'शेळीपालनविषयक संकेतस्थळ उघडून मिळणेबाबत'. मजकूर लिहिला. सही केली. पण वर 'प्रति' लिहून त्याच्यापुढं काय लिहायचं, यावर मी आणि लॅबचे सर दहा मिनिटं बोललो. ते म्हणाले, लॅब इन्चार्ज लिही. इन्चार्ज म्हणाले, ऑफिसला दे. ऑफिसात म्हणाले, कंपनीला लिहावं लागंल. कंपनीचा नंबर ज्याच्याकडं होता तो क्लार्क बदलून गेलाय.

शेवटी 'मा. प्राचार्य' लिहून दिला. आवक क्रमांक पडलाय. प्रोजेक्ट भावाच्या फोनवर, रात्री दहानंतर पूर्ण केला. लॅबमध्ये ते पान अजून लालच आहे.